परातभर वाळू

"तलाठीभाऊ, माझो गुन्हो लिवा," असं म्हणत सासूबाईंनी वाळूने भरलेली पितळी परात केंद्रेंच्या पायाशी ठेवली. मग पदराला हात पुसून त्या सुरूच्या एका खोडाला टेकून उभ्या राहिल्या. जणू आता पुढचं काम केंद्रेंचं, त्यांचं आटोपलं.

केंद्रे आमच्या खारवणे गावचे तलाठी. लातूरकडचा माणूस. नोकरीचा आदेश हातात पडेपर्यंत त्याने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. आदल्या संध्याकाळी त्यांना कुणा बाईचा फोन आला होता, की उद्या सकाळी किनाऱ्याच्या उत्तर टोकावरून वाळूची चोरी होणार आहे, चोर जागेवर सापडेल. बिचारे गमबूट चढवून, छत्री नि कागदांची पिशवी घेऊन वेळेवर हजर झाले होते. बघतात तर समोर नव्या साड्या नेसलेल्या, फुलांच्या परड्या घेतलेल्या गावच्या बायका. त्या दिवशी हरतालिका होती. पिंडीसाठी वाळू न्यायला आम्ही सगळ्या जमलो होतो.

"मावशी, पूजेची वाळू आहे ना? मग घेऊन जा की," केंद्रे म्हणाले.

"कशी न्हेव? बोर्डार काय लिवलाहा? कोणत्याही प्रमाणात न्हेवची नाय म्हणान लिवलाहा. परात म्हंजे प्रमाण न्हय?"

मी परडी सांभाळत मागे उभी होते आणि लाजेने अर्धी झाले होते. मे महिन्यात लग्न होऊन मी गडहिंग्लजहून या घरात आले, त्याला चार महिनेही झाले नव्हते. माझी ही पहिली हरतालिका. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि सासूबाई भर गावासमोर स्वतःला चोर म्हणवून घेत होत्या.

खरं तर सकाळपासूनच त्यांचं काहीतरी वेगळं चाललं होतं. दरवर्षी बायका देवळामागच्या किनाऱ्यावरून वाळू घेत, असं माझ्या नणंदेने सांगितलं होतं. ते अंतर घरापासून हाकेवरचं. पण त्या दिवशी सासूबाई सगळ्यांच्या पुढे चालत सुटल्या त्या थेट खाडीच्या तोंडाशी. निर्जळी उपास असताना इतकं लांब कशाला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त "चला गो" म्हटलं. सत्यवतीवयनी, म्हणजे सासूबाई, चला म्हणाल्या की गावातल्या बायका चालत. का ते मला अजून कळायचं होतं. माझ्याशी त्या फारसं बोलत नसत. मीठ किती, तांदूळ कुठला, दिवा लावलास का, एवढंच. मी कायद्याची पदवी घेतलेली, सनदही काढलेली. पण खारवण्यात आल्यावर त्याचं काय करायचं हे कुणी विचारलं नव्हतं. दिगंबर, माझा नवरा, वीज मंडळात वायरमन. तो म्हणे, बघू पुढे. सासूबाई तर त्या विषयावर कधी चकार शब्द काढत नसत. मला वाटायचं, त्यांना माझं शिक्षण फारसं आवडलेलं नाही.

खाडीच्या तोंडाशी काय होतं, ते आता सांगायला हवं. तिथे खड्डा होता. आमच्या अंगणासारखी दोन अंगणं मावतील एवढा, आणि आत भरतीचं पाणी साचलेलं. काठावरच्या माडांची मुळं हवेत लोंबत होती. दोन माड आडवे झाले होते. गेली दोन वर्षं तिथून ट्रॅक्टर भरून वाळू जात होती. किनाऱ्याला लागून वाळूचा जो उंच बांध असतो, तो नाहीसा झाला, आणि पावसाळ्यात समुद्र सरळ वाडीत शिरला. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. चहा खारट लागायचा. पाहुण्यांना आम्ही तो सवयीने द्यायचो आणि ते तोंड वाकडं न करता पिण्याची पराकाष्ठा करायचे.

ट्रॅक्टर आबा साटमांचे होते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आबा काही दुष्ट माणूस नव्हता. देवळाचा सभामंडप त्याने बांधून दिलेला. गावात कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं झालं की त्याची जीप दारात उभी. माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली होती तेव्हा तेही त्याच जीपमधून गेले आणि वाचले. अशा माणसाविरुद्ध सही कोण करणार?

लग्नानंतर महिन्याभरात, नवी नवरी म्हणून फार काही कळायच्या आत, मी तहसील कचेरीला एक अर्ज पाठवला होता. अर्जाला उत्तर म्हणून बोर्ड आला. निळ्या रंगाचा, चांगला रंगवलेला. समुद्रकिनाऱ्यावरून वाळू कोणत्याही प्रमाणात काढणे अथवा वाहून नेणे हा दंडनीय अपराध आहे. तो लावला देवळाजवळ, जिथून कुणी वाळू काढत नव्हतं. ट्रॅक्टर त्याच्यासमोरून जात-येत राहिले. केंद्रे दोन-तीनदा येऊन गेले. पण ते मोटरसायकलला किक मारायच्या आत आबांना फोन पोचलेला असे. येऊन बघावं तर वाहन नाही, माणूस नाही, आणि पंच म्हणून सही करायला कुणी तयार नाही. मग ते वाहन आढळून आले नाही असं लिहून परत जात.

अशा माणसापुढे आता पितळी परात ठेवलेली होती.

केंद्रेंनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. "मॅडम, तुम्ही तरी सांगा ह्यांना. कशाला माझी परीक्षा बघायलाव सणाच्या दिवशी?"

मी सासूबाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, की आई, चला, पूजेची वेळ टळेल. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या केंद्रेंनाच म्हणाल्या, की गुन्हा लिहून होईपर्यंत त्या घरी जायच्या नाहीत आणि पूजाही करायच्या नाहीत. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि पुढे आल्या. कुणी ओंजळीत, कुणी तांब्यात, कुणी परडीतली फुलं बाजूला सारून वाळू घेतली होती. सगळ्यांनी ती परातीशेजारी मांडली. आमचाही लिहा म्हणाल्या.

बघता बघता माणसं जमली. गणपतीसाठी मुंबईहून आलेली मंडळी सकाळी समुद्रावर फिरायला निघतातच. ती सगळी तिथे येऊन थांबली. केंद्रेंनी एक सुस्कारा सोडला, पडलेल्या माडावर बसले, कागद काढला आणि एकट्या सासूबाईंचंच नाव विचारून लिहायला घेतलं. दोन ओळींत उरकून टाकावं, असा त्यांचा विचार असावा.

"वाळू कुठून घेतली?"

"हयसून." सासूबाईंनी खड्ड्याकडे बोट केलं.

"म्हणजे ह्या खड्ड्यातून?"

"होय. हो खड्डो मीच काढलंय."

केंद्रेंचं पेन थांबलं. कुणीतरी खुदकन हसलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मावशी, एवढा खड्डा तुम्ही काढला? परातीनं?"

"आजपर्यंत तुमका दुसरो कोण गावलो काय? नाय ना? मगे सगळो मीच काढलंय. लिवा."

आता सगळेच हसायला लागले. पण केंद्रे हसले नाहीत, आणि मीही. एखादं कुलूप उघडल्यासारखं माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. काही दिवसांपूर्वी रात्री जेवताना मी दिगंबरला हेच समजावून सांगत होते. पंचनामा नुसता माणसाचा होत नाही, जागेचा होतो. कुणी मूठभर वाळू उचलली म्हणून पंचनामा करायचा झाला, तरी ती जिथून उचलली ती जागा कशी आहे, खड्डा केवढा, वाहनाच्या खुणा आहेत का, हे सगळं लिहावं लागतं. एकदा लिहिलं की ते वरच्या कचेरीला न बघितल्यासारखं करता येत नाही. अडचण एवढीच, की पंचनाम्यासाठी कुणीतरी सापडावं लागतं. दिगंबर भाकरी मोडत हूं हूं करत होता. सासूबाई चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

केंद्रे उठून माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे लिहिलं तर मला जेवायच्या आत फोन येईल. बदली होईल कुठंतरी."

मी म्हटलं, "लातूरकडे झाली तर बरंच की."

ते पहिल्यांदाच हसले. मग मी त्यांना म्हणाले, की तुम्ही कुणाचं नाव घालू नका. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा. एका परातीने हा खड्डा होत नाही, हे दिसतंय. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा दिसतायत आणि त्या कुठे जातायत तेही दिसतंय. लग्न झाल्यापासून मी एवढं मोठ्याने चार माणसांत बोलले नव्हते. बोलून झाल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं.

केंद्रेंनी पिशवीतून टेप काढला.

टेपचं एक टोक मी धरलं. आम्ही खड्ड्याच्या काठाने फिरत असताना आबा साटम आले. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असणार, पण ते चिडलेले दिसले नाहीत. हसत हसतच सासूबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"वयनी, सणाच्या दिवशी ह्या काय? पूजेची वाळू ती. तलाठ्याक मी सांगतंय. तुमचा नाव कोण लिवणार नाय. परात घेवा नि घराक चला."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या बोलल्या ते अगदी सावकाश आणि मान देऊन.

"आबानू, तुमची जीप मी इसारलंय नाय. मरासर इसरूचंय नाय. पण ही वाळू तुमची न्हय. जी तुमची न्हय, ती माका सोडणारे तुमी कोण?"

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आता ते हसू असल्यासारखं वाटेना. मग ते केंद्रेंना एवढंच म्हणाले, की पंच मिळाले तर जरूर लिहा. आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या पुरुषांकडे एकदा नजर फिरवली. मुंबईच्या मंडळींना अचानक गणपतीवर टांगायची माटवी बांधायची आठवली. गावातले दोघेतिघे समुद्राकडे बघू लागले. आबांना त्यांची माणसं ठाऊक होती.

केंद्रेंनी माझ्याकडे बघितलं. आरोपीच्या घरची म्हणून मला पंच होता येत नव्हतं. टेपचं टोक हातात धरून मी तशीच उभी राहिले.

तेव्हा सुगंधा गावडे पुढे आली. सुगंधाचा नवरा लवू आबांचा ट्रॅक्टर चालवायचा. लवू त्या गर्दीत मागेच उभा होता, हे तिला दिसत होतं. हातात फुलांची परडी, त्यात नवऱ्याच्या आयुष्यासाठी करायच्या पूजेचं सामान. तिने परडी माझ्या दुसऱ्या हातात दिली.

"खंय सही करूची?" तिने केंद्रेंना विचारलं.

लवू मागून एवढंच म्हणाला, "सुगंधा."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. "पोरां खारा पानी पितत," ती म्हणाली. आणि पेन घेतलं. तिने सही केली. तिच्यानंतर आणखी एक बाई आली, मग आणखी एक. दोन पंच पुरे असतात असं केंद्रे सांगत होते, पण कुणी ऐकेना. कागदाची खालची जागा संपली तेव्हा त्यांनी तो उलटा केला.

आबा गाडीवर बसून निघून गेले. लवूही वाळूतून घराकडे चालत गेला. चाकांच्या खुणांच्या मागोमाग आम्ही गेलो, तर आबांच्या बागेच्या मागच्या बाजूला, झावळ्यांच्या कुंपणाआड, आमच्या किनाऱ्याचा ढीगच्या ढीग पडलेला. केंद्रेंनी तोही मोजला.

एवढं झाल्यावर त्यांनी सासूबाईंना हात जोडले. आता मोठ्या गोष्टीचा पंचनामा झालाच आहे, तर तुमचं नाव गाळतो म्हणाले, कागद नव्याने लिहितो. मलाही तेच योग्य वाटलं. काम तर झालं होतं. पण सासूबाई हटून बसल्या. नाव गाळायचं नाही. आपली परात आपल्या नावावरच राहायला हवी. मी समजावलं, केंद्रेंनी समजावलं, नंतर घरी दिगंबरने डोक्याला हात लावला. त्यांनी कुणालाही दाद दिली नाही. हा हट्ट कशासाठी, ते काही मला उमगेना.

त्या दिवशी पूजेला दुपार झाली. परातीतल्या वाळूची पिंड मी आणि सासूबाईंनी मिळून केली. दुसऱ्या दिवशी, घरात गणपती यायच्या आधी, ती समुद्रात विसर्जित केली.

गणपती गेल्यावर तहसीलदार स्वतः आले. आबांच्या बागेतला ढीग सील झाला, ट्रॅक्टर जप्त झाले. केंद्रेंची बदली झाली खरी, पण पुढच्या वर्षी, आणि ती लातूरकडे नाही, सिंधुदुर्गाच्याच दुसऱ्या टोकाला. आबांनी पुढे सिमेंटचा धंदा धरला. आमच्या दारावरून जाताना ते दोन-तीन वर्षं मान वळवायचे, मग हळूहळू वळवेनासे झाले. लवूचं काम गेलं. तो सहा आसनी रिक्षा चालवू लागला आणि कितीतरी दिवस त्याने सुगंधाशी धड बोलणं ठेवलं नव्हतं. खड्डा कुणी बुजवला नाही. तो समुद्रानेच भरत आणला, लाटेलाटेने, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या चहाला चहाची चव आली.

पण हे सगळं नंतर. दसरा झाला आणि सासूबाईंच्या नावाची नोटीस आली. सत्यवती गोविंद परब यांनी विनापरवाना वाळू उत्खनन केल्याबाबत तहसील कचेरीत हजर राहून खुलासा करावा.

दिगंबर म्हणाला, की तालुक्याला त्याच्या ओळखीचे एक वकील आहेत. सासूबाई म्हणाल्या, "घरात आसा ती काय पूजेक ठेवची?"

अशा रीतीने मी पहिल्यांदा वकीलपत्र लिहिलं. सासूबाईंनी त्यावर सही केली. मग दोघी एसटीने तालुक्याला गेलो. त्यांनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. मी मांडीवरचे कागद पुन्हा पुन्हा वाचत होते आणि त्या खिडकीतून भातशेतं बघत होत्या.

तहसीलदारांपुढे आमची पाळी आली. त्यांनी कागद वाचला, परात हा शब्द आल्यावर थांबले, चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहून सांगितलं, की वाळू घेतली हे माझ्या पक्षकाराला मान्य आहे. पण ती वाहून नेऊन ठेवली नाही. हरतालिकेची पिंड दुसऱ्या दिवशी विसर्जित होते. ज्या किनाऱ्यावरून वाळू घेतली, त्याच किनाऱ्यावर ती परत गेली. किनाऱ्याची वाळू कमी झालेली नाही. केंद्रे तिथेच होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, विसर्जनाच्या सकाळी ते मुद्दाम जाऊन बघून आले होते. कशाला, असं तहसीलदारांनी विचारलं. "पुढं कामाला येईल असं वाटलं साहेब," केंद्रे म्हणाले.

तहसीलदारांनी समज देऊन प्रकरण बंद केलं. इतकंच. माझे पाय मात्र जमिनीवर नव्हते. बाहेर आल्यावर सासूबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. चेहरा जरा उतरलेला.

"एवढ्यातच सोडल्यानी?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बसले. इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. पंचनामा तर झाला होता, केंद्रे नाव गाळायला तयार होते. मग आई, तुम्ही एवढा हट्ट का केलात?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून आणि इतक्या सरळ त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"माका थयसरच सोडल्यानी असता," त्या म्हणाल्या, "तर तू ह्या कचेरीत कशाक येतलस?"

व्हरांड्यात एक म्हाताऱ्या बाई हातात मळका कागद घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरत होत्या. कुणी त्यांना नीट उत्तर देत नव्हतं. सासूबाईंनी त्यांना हाक मारली.

"काय झाला गो? ह्या माझ्या सुनेक विचार. वकील आसा."

त्या बाई थबकल्या, माझ्याकडे बघू लागल्या. सासूबाई बाकाच्या कडेला सरकल्या आणि माझ्याशेजारी त्यांना बसायला जागा करून दिली.